आपोआप पेटणारं गुऱ्हाळ

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी अक्षदा मोबाईल उघडून धूर बघायची. धूर दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा, मग आधण, मग बाकीचा दिवस. हा धूर अवसरी बुद्रुकमधल्या कुठल्याही घरातला नव्हता. ‘वस्ती’ नावाच्या एका खेळात तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मिळून एक गाव उभं केलं होतं. त्या गावाच्या कडेला एक गुऱ्हाळ होतं, आणि त्या गुऱ्हाळाच्या धुराड्यातून तो निघायचा. शहाण्या माणसानं हसावं अशीच गोष्ट आहे. पण जिचा नवरा मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये ऑईलर आहे आणि ते जहाज आज कुठल्या समुद्रात आहे हे घरात कुणालाच सांगता येत नाही, तिच्या जागी बसून हसून दाखवावं.

भरत लग्नानंतर पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हा त्यानंच हा खेळ दोघांच्या मोबाईलमध्ये घातला. पुढं नवा घेतल्यावर त्याचा तो जुना मोबाईल त्यानं आईला दिला, त्यावर सारजाबाई भजनं ऐकत. जहाजावरचं इंटरनेट रेशनच्या रॉकेलसारखं, मोजून मिळणारं. व्हिडिओ कॉल लागलाच तर त्यातला अर्धा वेळ ‘आवाज येतोय का’ यातच जायचा. खेळाला मात्र थेंबभर नेट पुरायचं. तो त्याच्या पाळीतून सुटला की गावात येऊन जायचा, ती तिच्या कामातून सुटली की. दोघं एकमेकांना तिथं दिसायचे नाहीत, पण एकानं केलेलं दुसऱ्याला दिसायचं. त्यानं रचलेली लाकडं, तिनं पाडलेल्या विटा. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि त्यातला बराचसा संसार त्यांनी त्या तळहाताएवढ्या गावातच केला होता.

खेळ तसा सरळ होता. रानातला ऊस तोडायचा, लाकूड आणायचं, विटांच्या इमारती बांधायच्या आणि इमारतींमधून माल काढायचा. वीटभट्टी आणि लाडूघर अक्षदाच्या नावावर, आणि लाडूला लागणारा गूळ जिथं व्हायचा ती इमारत भरतच्या नावावर. खेळात त्या इमारतीचं नाव ‘गोड पदार्थ उत्पादन केंद्र’ असं होतं. त्या खेळाचं मराठी कुठल्याशा यंत्रानं केलेलं होतं आणि ते वाचताना दाताखाली खडा यायचा. भरतनं पहिल्याच दिवशी त्याला गुऱ्हाळ म्हणून टाकलं. त्याच्या लहानपणी त्यांच्या रानात खरंच गुऱ्हाळ चालायचं. पुढं सगळा ऊस कारखान्याला जायला लागला आणि ते मोडलं.

बांधणं, वाढवणं, पाडणं दोघांपैकी कुणालाही करता येई. पेटवणं मात्र ज्याच्या नावावर इमारत असेल त्यालाच. एकदा पेटवलेलं गुऱ्हाळ काही तास चालायचं, कोठार भरलं की थंड व्हायचं. मग भरतनं येऊन गुळाच्या ढेपा काढायच्या, ऊस लावायचा, जाळ घालायचा, तेव्हा पुन्हा धूर. कोण कधी येऊन गेलं ते खेळ सांगायचा नाही. पण धूर आहे म्हणजे आज भरत येऊन गेला, एवढा हिशेब अक्षदाला पुरायचा.

आणखी एक गोष्ट तो करायचा. दर खेपेला एक ढेप बाजूला काढून गुऱ्हाळापुढच्या कट्ट्यावर ठेवायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी उचलली नाही तर ती विरघळून जायची. अक्षदा काटकसरी, तिला ते बघवायचं नाही.

“एवढ्यात माझं किती लाडू झालं असतं,” ती एकदा फोनवर म्हणाली होती.

“गुऱ्हाळावर आलेलं माणूस मोकळं पाठवायचं न्हाई. आमच्या बाची रीत हाय.”

“पर तिथं येतंय कोण?”

“तू येतीस की.”

ढेप मात्र तिनं कधी उचलली नाही. ती तिथं ठेवलेली दिसण्यातच तिला सगळं मिळायचं.

भांडण झालं ते दिवाळीवरून. दिवाळीला येतो म्हणून गेलेल्या माणसानं नवरात्र उलटल्यावर फोन करून सहज सांगितलं की मुदत वाढवून घेतलीय, आता गुढीपाडव्यालाच. विचारलं नाही, सांगितलं. अक्षदानं तोवर खोलीला रंग देऊन घेतला होता, त्याच्या आवडीचा फिकट हिरवा. तिचं डोकं फिरलं.

“पाडव्याला बी नका येऊ,” ती म्हणाली. “तुमच्यावाचून हितं काय बी अडत न्हाई.”

पलीकडचा आवाज गेला. नेट गेलं की त्यानं ठेवला, ते तिला कळलं नाही.

मग अबोला. या घराला अबोला नवा नव्हता. सारजाबाई आणि त्यांचे वारलेले मालक हौशीराम यांनी एका वर्षी आख्खा कांद्याचा हंगाम एकमेकांशी न बोलता काढला होता म्हणे. तरी हौशीरामांची भाकरी वेळेवर रानात जायची आणि मंचरच्या बाजारातून सारजाबाईंच्या हातातल्या बांगड्या घरात यायच्या. अबोल्यात बोलणं बंद असतं, कामं बंद नसतात. भरत त्याच बापाचा मुलगा. अक्षदानं पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक येऊन थांबली होती, म्हणजे रागाच्या भरात त्यानं व्हॉट्सॲप काढूनच टाकलं असणार. पण गुऱ्हाळ रोज पेटत होतं. जमेल तेवढा गूळ तो तिच्या लाडूघराला देतच होता. फक्त कट्टा रिकामा असायचा. रोज सकाळी ती आधी धूर बघायची, मग कट्टा, आणि मग स्वतःशीच म्हणायची, बस रुसून, पण बस.

अक्षदा गावाबाहेरच्या रोपवाटिकेत कामाला होती. टोमॅटो-कोबीची रोपं, ट्रे भरायचे, बिया टाकायच्या, गाड्या आल्या की मोजून द्यायच्या. तिच्याबरोबर रूही असायची, मंचरहून स्कूटीवर येणारी. ‘वस्ती’च्या बाबतीत रूही म्हणजे पोहोचलेली बाई. तिचं स्वतःचं गाव असं होतं की तिनं महिनाभर तोंड दाखवलं नाही तरी सगळं चालू राहावं. जेवायच्या सुट्टीत तिनं अक्षदाचा मोबाईल हातात घेतला आणि डॉक्टरसारखं तोंड केलं.

“तुझं लाडूघर अर्धा वेळ रिकामं बसतंय. का, तर गूळ न्हाई. गूळ का न्हाई, तर गुऱ्हाळ सारखं बंद पडतंय. जिथं तुंबतंय तिथं हात घालायचा, बाकी कुठं पैसा घालू नको.”

“ते त्यांच्या नावावर हाय.”

“पेटवायला त्यांच्या नावावर. सुधारायला न्हाई.” रूहीनं बोटानं एकेक गोष्ट दाखवली. ऊस आपोआप आत ओढणारा पट्टा. जाळ आपोआप घालणारी चूल. ढेप झाली की उचलून थेट लाडूघरात टाकणारा पंजा. “हे तिन्ही बसवलं की कुणी यायला नको, जायला नको.”

त्यासाठी पितळी चाकं लागत. खेळात ती मोठ्या मुश्किलीनं मिळायची. अक्षदानं ती लाडूघराचा वरचा मजला बांधायला कधीपासून जपून ठेवली होती. ती घरी जाऊन विचार करत राहिली. आणि विचार करता करता तिला ते पटलं, पण रूहीला वाटत होतं त्या कारणानं नाही. तिला दिसत होता तो भरत, इंजिनरूमच्या उकाड्यातून घामानं थबथबून वर येणारा, आणि तेवढ्यातही मोबाईल काढून इथं पुन्हा जाळ घालणारा. रुसलेला असूनसुद्धा. आपण बोलून माघार घ्यायची नाही ठीक आहे, पण त्याच्या हातचं एक काम तर काढून घेता येईल. सासूबाईंनी त्या हंगामात भाकरीबरोबर कधी ठेचा जास्त ठेवला असेलच की. हा तिचा ठेचा.

दुसऱ्या दिवशी शेडनेटच्या सावलीत बसून तिनं सगळी चाकं भरतच्या गुऱ्हाळावर ओतली. पट्टा फिरायला लागला, चुलीनं स्वतःच लाकूड ओढलं, पंजा खाली आला. तिला लहान मुलीसारखं हसू आलं. आणि तेवढ्यात पडद्यावर पाटी आली.

‘अभिनंदन. या इमारतीला आता भरतची गरज नाही.’

खाली बारीक अक्षरात होतं की ही सूचना भागीदारालाही पाठवली आहे.

अक्षदानं मोबाईल शेजारच्या रूहीपुढं धरला.

“अगं, मशीनचं बोलणं ते,” रूही म्हणाली. “त्यांना काय कळत न्हाई व्हय?”

“मशीनच्या आधी मीच म्हणलेय हे. तोंडानं.”

रूहीला भांडणाचं एवढंच ठाऊक होतं की झालंय. काय शब्दांत झालंय हे आत्ता कळलं.

त्या दिवसापासून धूर थांबला नाही. सकाळी बघा, दुपारी बघा, धुराड्यातून पांढरा धूर एकसारखा निघतोय. लाडूघर भरून वाहत होतं. आणि अक्षदाला कळलं की आपण काय करून बसलो. कुणी न येता निघणारा धूर. भरत येऊन ती पाटी वाचून गेला असेल, तरी तसाच. आलाच नसेल, तरी तसाच. त्याच्यापर्यंत जाणारी एकच वाट उरली होती आणि ती तिनं आपल्या हातानं, साठवलेली चाकं घालून, बुजवली होती. रोजच्या सवयीनं सकाळी ती मोबाईल उघडायची आणि तो धूर बघून लगेच बंद करायची.

त्यातच टीव्हीवर बातमी आली. संध्याकाळची वेळ होती, सारजाबाई मालिका बघता बघता तांदूळ निवडत होत्या. जाहिरात लागली म्हणून अक्षदानं चॅनल बदललं, तर खालून पट्टी सरकत होती. आखाताबाहेर एका मालवाहू जहाजाला आग, जहाजाचं नाव अजून समजलेलं नाही, काही भारतीय कर्मचारी असल्याची शक्यता. अक्षदानं घाईनं पुन्हा मालिका लावली. पण सारजाबाईंनी वाचलं होतं. निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात ओतून त्या पहिल्यापासून निवडायला लागल्या.

सकाळी अक्षदानं मुंबईच्या कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. बऱ्याच वेळानं एक माणूस मिळाला, बोलायला गोड.

“मॅडम, तुमच्या जहाजाबद्दल आमच्याकडं कोणतीही वाईट माहिती नाही.”

“चांगली हाय का?”

“तशी पण अजून आलेली नाही. संपर्काचा प्रयत्न चालू आहे. काळजी करू नका.”

काळजी करू नका म्हणणाऱ्या माणसाचा अक्षदाला जेवढा राग आला तेवढा भरतचाही कधी आला नव्हता. ती रोपवाटिकेत गेली आणि टोमॅटोच्या ट्रेवर कोबीच्या चिठ्ठ्या लावल्या. रूहीनं त्या काढल्या.

अक्षदाच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. तो रुसून गेलाय, म्हणजे जिवंत आहे. नेट बंद आहे, म्हणजे बहुतेक जिवंत आहे. आणि तिसरं जे होतं ते ती पूर्ण शब्दांत म्हणायची नाही. पहिलं कळलं असतं तर तिसरं गेलं असतं. त्यानं चिडून कायमचं बोलणं टाकलं असतं तरी तिला चाललं असतं, पण ते कळायला हवं होतं. आणि कळायची सोय तिनंच सुधारून ठेवली होती.

“मी ते पाडतेय,” ती रूहीला म्हणाली.

“काय?”

“गुऱ्हाळ. पाडून साधं बांधतेय. पयल्यासारखं.”

“येडी का तू? पाडलं तर एक चाक परत यायचं न्हाई. सगळं मातीत.”

“मला धूर नको रूही. मला बंद पडणारं गुऱ्हाळ पायजे.”

रूहीला ते समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं स्वतःच पाडायचं बटन कुठं असतं ते दाखवलं. पट्टा गेला, पंजा गेला, चूल गेली. मोकळ्या जागेवर अक्षदानं विटांचं साधं गुऱ्हाळ उभं केलं. खेळानं पुन्हा पाटी दिली, ‘नवीन इमारत तयार. चालू करण्यासाठी भरतची गरज आहे. भागीदाराला सूचना पाठवली आहे.’ आयुष्यात पहिल्यांदा त्या यंत्राच्या मराठीनं तिच्या मनातलं नेमकं सांगितलं. तिनं मोबाईल बंद करून ओढणीत गुंडाळला.

धूर नव्हता. दुसऱ्या दिवशी नव्हता, तिसऱ्या दिवशी नव्हता. थंड धुराडं, रिकामा कट्टा. टीव्हीवर त्या जहाजाचं नाव काही येईना, पट्टीवर आता कुठल्याशा निवडणुकीच्या बातम्या सरकत होत्या. अक्षदाला घास जाईना. ताटात भाकरीचे तुकडे करून ती नुसती बसायची.

“काय झालंय ते मला सांग,” एका संध्याकाळी सारजाबाई म्हणाल्या. “मी काय न्हान हाय का?”

मग अक्षदानं सगळं सांगितलं. भांडण, चाकं, पाटी, पाडापाडी. मोबाईल उघडून थंड गुऱ्हाळ दाखवलं. “आत्याबाई, ह्यातनं धूर निघाला की समजायचं, त्ये हायेत. तवर मला काय इचारू नका.”

सारजाबाईंनी चष्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिलं. “आमचं बी असंच व्हतं,” त्या म्हणाल्या. “धुराडं उजव्या अंगाला.” एवढंच बोलून त्या उठल्या.

आणि त्यानंतरच्या दुपारी, ट्रेला पाणी मारून झाल्यावर, अक्षदानं मोबाईल उघडला तर धुराड्यातून धूर निघत होता.

ती रूहीच्या नावानं ओरडली. रूही धावत आली, तिला वाटलं काही वाईट कळलं. अक्षदानं तिला फक्त पडदा दाखवला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रूहीच्या हातावरचं ट्रेमधलं कोकोपीट अक्षदाच्या पाठीला लागलं. त्या संध्याकाळी अक्षदा जेवली, मागून मागून जेवली. सारजाबाई तिच्या ताटात वाढत राहिल्या. “खा, खा,” म्हणत राहिल्या. पोरगं सुखरूप असल्याचं कळलेल्या आईच्या मानानं त्या जरा जास्तच शांत होत्या, पण अक्षदाला तेव्हा तिकडं बघायला सवड नव्हती.

धूर पुढच्या दिवशीही आला, त्याच्या पुढच्या दिवशीही. कट्टा रिकामा. राग अजून आहे, असू दे. मेसेजला अजून एकच टिक, असू दे. पण एक गोष्ट तिला टोचायला लागली. लाडूघरात येणारा गूळ काळा होता. खेळात पाक वेळेवर उतरवला नाही की गूळ करपतो. भरतचा गूळ कधी करपला नव्हता, एकदाही नाही, त्यावर तो नको तेवढी बढाई मारायचा. आणि धूर नेमका ती कामावर असतानाच निघायचा. ती घरात असताना गुऱ्हाळ कधीच पेटलं नाही. जहाज कुठल्याही समुद्रात असो, त्याच्या पाळ्या अशा तिच्या कामाच्या वेळा धरून कशा पडतील?

तिनं तो विचार झटकला. मग पुन्हा आला. मग ती त्याला इतकी घाबरली की रूहीलाही बोलली नाही.

शनिवारी रोपवाटिकेतली मोटर जळाली आणि सगळ्यांना लवकर सोडलं. अक्षदा रानातल्या वाटेनं मागच्या दारानं घरी आली. पडवीत सारजाबाई खाटेवर बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, भरतचा जुना मोबाईल अगदी डोळ्यांशी धरलेला, भजन नव्हतं लावलेलं. त्या एका बोटानं पडद्यावर दाबत होत्या, थांबत होत्या, पुन्हा दाबत होत्या. मागून अक्षदाला पडदा स्वच्छ दिसला. ऊस, जाळ, धुराडं. त्या मोबाईलवर खेळात अजून भरतचंच नाव होतं, ते कधी कुणी काढलंच नव्हतं.

धूर निघाला तसा सारजाबाईंनी सुस्कारा सोडला. मग त्यांना पाठीशी सावली जाणवली.

“तुमी,” अक्षदा म्हणाली. एवढे दिवस ती ज्याच्यावर जेवली, झोपली, हसली, ते सगळं या खाटेवरून पेटत होतं. भरत कुठंच नव्हता. तो पुन्हा त्या नाव न कळलेल्या जहाजावर जाऊन उभा राहिला.

“तू जेवत नव्हतीस,” सारजाबाई म्हणाल्या.

“म्हणून खोटं? असल्या बाबतीत खोटं? मी रोज देवापुढं दिवा लावला, आत्याबाई. त्ये हायेत म्हणून लावला.”

सारजाबाईंनी मान खाली घातली. अक्षदाला वाटलं आता त्या रडतील आणि आपल्याला गप्प बसावं लागेल, आणि त्याचाही तिला राग आला. पण त्या रडल्या नाहीत.

“पयल्या दिवशी तुझ्यासाठी पेटवलं,” त्या म्हणाल्या. “खरं सांगते. पर दुसऱ्या दिवसापासनं माझ्यासाठीच. पेटवायचं, आन् मोबाईल उपडा ठेवायचा. भांडी घासून यायचं, मग बघायचं. धूर दिसला की मला वाटायचं, त्यानंच पेटवला. माझ्याच हातानं पेटवलेला, तरी बी वाटायचं. आईच्या जिवाला काय लाज असती का?”

अक्षदाचा राग कुठं गेला ते तिला कळलं नाही. ती खाटेच्या कडेला बसली. खरं तर या बाईनं तेवढंच केलं होतं जे तिनं स्वतः केलं होतं. तिनं चाकं घालून गुऱ्हाळ आपोआप पेटवलं, हिनं बोटानं. दोघींनीही त्याच्या नावानं धूर काढला आणि दोघींनाही तो पुरला नाही.

“हे कपाटात टाक,” सारजाबाईंनी मोबाईल पुढं केला. “कुलूप लाव. किल्ली तुझ्यापाशी ठेव. माझा हात ऱ्हायचा न्हाई.”

अक्षदानं मोबाईल बंद केला, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या मंगळसूत्रात अडकवली. गुऱ्हाळ पेटलेलं होतं ते संध्याकाळपर्यंत चाललं, शेवटची ढेप करपून काळी झाली, आणि धुराडं थंड पडलं. दोघींनी ते शेजारी शेजारी बसून पाहिलं. त्यानंतर सारजाबाईंनी भजनाशिवायच तिन्हीसांजेचा दिवा लावला.

रविवार उजाडला. कंपनीच्या ऑफिसला सुट्टी, म्हणजे तिकडून काही कळायचं नाही. कळलंच तर वाईटच कळेल, कारण वाईट बातमीला सुट्टी नसते, असं अक्षदाच्या मनात आलं आणि तिनं त्या विचाराला शिव्या घातल्या. चहा झाला, तोही तिनं धूर न बघताच ठेवला होता. बघायची हिंमतच होत नव्हती. मोबाईल ओट्यावर उपडा पडून होता. सारजाबाई खाली परात घेऊन बाजरीचं पीठ मळत होत्या. दोघींपैकी कुणीही मोबाईलकडं बघत नव्हतं, आणि दोघींना दुसरं काही दिसत नव्हतं.

“बघ एकदा,” सारजाबाई पिठाकडंच बघत म्हणाल्या. “नसंल तर नसंल.”

अक्षदानं हात पुसला. मोबाईल उलटा केला, उघडला. गाव यायला नेहमीपेक्षा वेळ लागला. आधी वीटभट्टी दिसली, मग लाडूघर, मग रान. मग गुऱ्हाळ.

तिचा हात गळ्याकडं गेला. किल्ली तिथंच होती.

“आत्याबाई, हात दाखवा तुमचे.”

“का गं?” सारजाबाईंनी परातीतून दोन्ही हात वर केले. मनगटापर्यंत पीठ होतं, बोटांना गोळे चिकटलेले. अक्षदा एकदा त्या हातांकडं बघत होती, एकदा पडद्याकडं. धुराड्यातून धूर निघत होता. नुकता पेटलेला, अजून नीट वर न गेलेला, दाट धूर.

ती खाली बसली आणि मोबाईल सासूच्या डोळ्यांपुढं धरला. सारजाबाईंनी पिठाचे हात तसेच अधांतरी ठेवून मान पुढं काढली. त्यांना चष्म्याशिवाय धूर काही नीट दिसला नसावा. पण पुढं काहीतरी पिवळं होतं ते त्यांना दिसलं.

“त्ये काय ठेवलंय तिथं? कट्ट्यावर?”

अक्षदानं बघितलं. कट्ट्यावर एक ढेप होती. पिवळीधमक, जराही न करपलेली. ती सांगायला गेली तोवर डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर आलं होतं.

सारजाबाईंना सांगायची गरज पडली नाही. त्यांच्याच मालकाची रीत ती. त्यांनी पिठाच्याच हातानं डोळे पुसले, सगळं तोंड पांढरं झालं.

“मग उचल की,” त्या म्हणाल्या. “गुऱ्हाळावरनं मोकळं येऊ न्हाई.”

अक्षदानं आजवर एकदाही न उचललेली ती ढेप बोटानं उचलली. मग नाक ओढत उठली आणि भाकरीसाठी तवा ठेवला.